रेवणप्पांची रांग

रेवणप्पा माणसांना ओळखत नसत, डब्यांना ओळखत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती. हातात दळणाचा डबा असला की ते तुमच्या घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारत. हात रिकामा असला की तुम्ही कोण, हेच त्यांच्या लक्षात येत नसे. एकदा सिद्धेश्वराच्या देवळात वकिलीणबाई समोरून आल्या. त्यांनी हात जोडले. रेवणप्पांनीही जोडले, पण परक्याला जोडतात तसे. बाई पुढे गेल्यावर त्यांनी हळूच माझ्या आईला विचारलं, "कोण वं त्या?" आई म्हणाली, आपल्या वकिलीणबाई की. रेवणप्पा चुकचुकले. "पितळी कडीचा डबा व्हय! मग हातात कायतरी धरायचं की. नुसतं आल्यावर माणसाला कसं कळावं?"

आईला तरी त्यांनी कसं ओळखलं, हे मला कोडंच होतं. मग लक्षात आलं की आईच्या शेजारी मी उभी होते आणि माझ्या हातात प्रसादाचा डबा होता.

आमचा दळणाचा डबा जुना, तुपाचा, पत्र्याचा. करकंबहून सोलापूरला बिऱ्हाड आणताना तो एसटीच्या टपावरून पडला आणि त्याच्या एका कुशीला मोठा पोचा आला. तेव्हापासून रेवणप्पांच्या लेखी आमचं घराणं म्हणजे पोचा डबा. मी मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं, "पोचा डबा पास झाला." कॉलेजात नाव घातलं तेव्हाही तेच. मी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर रस्त्यानं चालले होते आणि हे गिरणीच्या पायरीवरून ओरडले, "पोच्या, कालेज सुटलं काय?" मैत्रिणी माझ्याकडे पाहू लागल्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नव्या जगात जरा नीट पाय ठेवावा असं मला वाटायचं, आणि हा डबा काही माझी पाठ सोडत नव्हता. तरी मला राग आला नाही. त्या दिवशी हातात डबा नसताना त्यांनी मला ओळखलं होतं, हे घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांच्याविषयी नीट लिहिता येईल की नाही, मला खात्री नाही. मी काही लेखिका नाही. पण जे पाहिलं ते सांगते.

माणूस उंच, वाकलेला, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. भुवया पांढऱ्या, कानांचे केस पांढरे, धोतर मुळातच पांढरं. कपाळावर विभूती आहे की पीठ, ते सांगता येत नसे. अमावास्येला गिरणी बंद असायची. त्या दिवशी ते आंघोळ करून स्वच्छ होऊन बाहेर पडत, तेव्हा गल्लीतलं कोणी त्यांना ओळखत नसे. अशी एकूण फिट्टंफाट होती. अक्कलकोटच्या बाजूचं त्यांचं गाव. घरात कानडी, गिरणीत मराठी. घरात म्हणजे स्वतःशी, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गिरणीच्या मागच्या खोलीत ते एकटे राहत आणि चूल पेटवून स्वतःच भाकरी करत.

डबा नेहमीपेक्षा लवकर आला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "पाव्हणे आलेत काय?" हो म्हटलं की कोण, कुठले, किती दिवस राहणार, सगळं विचारत. पाहुणा टेंभुर्णीचा असेल तर तिथं बाजाराला काय भाव आहे हेही विचारत, आणि पाहुण्यांचं दळण म्हणून जरा बारीक काढून देत. पाहुणे नाहीत म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरायचा, जणू त्यांच्याच घरचा कोणी यायचा राहिला.

आणि डबा वेळेवर आला नाही की ते घरी येत. ही त्यांची खोड सगळ्यांना नकोशी होती. नरसय्या विणकराचं घर लग्नासाठी तेलंगणात गेलं होतं. यांनी कुलूप पाहिलं, शेजाऱ्यांना विचारलं, शेजाऱ्यांनाही काही माहीत नव्हतं, मग हे चौकीपर्यंत गेले. नरसय्या परत आला तर दारात हवालदार. पुढं कित्येक दिवस तो रेवणप्पांना पाहिलं की तेलुगूत काहीतरी पुटपुटायचा. दळण मात्र त्यांच्याकडेच आणायचा.

आमच्या घरीही ते एकदा आले. वडील तापानं पडले होते, कापडाच्या मागावर कामाला जाणं बंद होतं. रेवणप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आत डोकावून कोपऱ्यातला डबा पाहिला आणि म्हणाले, "गिरणी चालू हाय बरं का." एवढंच बोलून गेले. वडील अंथरुणावरून हसले. "गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं ते ह्या माणसाकडनं शिकावं," असं आईला म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटलं. धंदा म्हटलं की लोकांच्या मागं लागावं लागतंच.

पण गिऱ्हाईक धरून ठेवायचं असेल तर माणूस रांग पाळतो. रेवणप्पा पाळत नसत. डबे आले त्या क्रमानं लावायचे आणि त्याच क्रमानं दळायचे, हा साऱ्या गिरण्यांचा नियम. यांच्याकडे डबे रांगेत लागत, आणि मग हे येऊन सगळी रांग मोडत. हा डबा पुढे, तो मागे, तिसरा भिंतीकडे. कोणी विचारलं तर म्हणत, "नंबर दगडाच्या मनाचा."

दुसरी सवय दळून झाल्यावरची. कापडी तोंडातून पीठ डब्यात पडलं की हे कोपरापर्यंत हात घालून ते वरखाली करत. गरम पीठ तसंच दाबून ठेवलं तर आळ्या पडतात, असं सांगत. आईला ते मुळीच आवडत नसे. "आमचं आमी करू की," ती म्हणायची. पण तोवर हात आत गेलेला असे.

हे सगळं गल्लीनं वर्षानुवर्षं सोसलं. मग दुष्काळ पडला आणि मिलो आली.

ज्यांनी ती खाल्ली त्यांना सांगायला नको. रेशनवर मिळणारी ती तांबडी, परदेशी ज्वारी. सोलापूरच्या माणसाला, ज्याला शाळूच्या पांढऱ्या भाकरीची सवय, त्याला ती ताटात पाहूनच कसंसं व्हायचं. चव मातीसारखी. पण चवीपेक्षा मोठी अडचण म्हणजे तिला चिकटपणा नव्हता. थापताना कडा फुटायच्या, उचलताना मधून तुकडा पडायचा. बायका परातीशी बसून रडकुंडीला यायच्या. आणि लाज होती ती वेगळीच. मिलोचा डबा घेऊन जाताना झाकण घट्ट लावायचं, वर फडकं टाकायचं. कोणाच्या घरी काय शिजतं ते गिरणीत सगळ्यांना कळतं.

वकिलांकडे, हेडमास्तरांकडे आणि आणखी काही घरांत मात्र अजून पांढरी ज्वारी होती. कोणाची शेतावरची, कोणाची चढ्या भावानं घेतलेली. आणि त्याच दिवसांत रेवणप्पांच्या रांगेला एक नवं वळण लागलं. वकिलीणबाईंचा डबा कधीही येवो, तो सगळ्यांच्या पुढे. आमचा मिलोचा डबा बरोबर त्याच्या मागे. आमच्या मागे नरसय्याचा, मग बाकीच्यांचे मिलोचे.

आईचा संताप झाला. सकाळपासून डबा ठेवायचा आपण, आणि वकिलांची मोलकरीण रमतगमत येणार, तरी तिचं दळण आधी. "पैशेवाल्याची हुजरेगिरी, दुसरं काय," आई म्हणाली. सगळी गल्ली तेच म्हणत होती. नरसय्याची बायको तर तोंडावर म्हणाली की अप्पा, तुमची गिरणी पांढऱ्या ज्वारीपुढं वाकते. रेवणप्पांनी ते ऐकलं आणि मोटारीचा पट्टा नीट करत राहिले.

नेमकी त्याच वेळी चौकात नवी गिरणी निघाली. तिथं बसायला बाक होतं, वर पंखा होता, भिंतीवर देवाचं मोठं कॅलेंडर. डबा ठेवला की नंबरचा पितळी बिल्ला मिळायचा. धान्य वजन करून घेत, पीठ वजन करून देत. आईनं एका सकाळी आमचा डबा माझ्या डोक्यावर ठेवला आणि चौकाकडे बोट दाखवलं.

नव्या गिरणीत सगळं रीतसर झालं. मला ताई म्हटलं, बाकावर बसवलं, नंबरानं दळून दिलं. पीठ दिसायलाही छान होतं, एकसारखं तांबडं. संध्याकाळी आईनं भाकरी थापायला घेतली आणि ती परातीतच फुटली. दुसरी उचलताना फुटली. तिसरी कशीबशी तव्यापर्यंत गेली आणि तिथं तिचे चतकोर झाले. आई मिलोच्या भाकरीसाठी गल्लीत नावाजलेली होती. शेजारणी विचारायला यायच्या आणि ती सांगायची, हाताला वळण पाहिजे. त्या संध्याकाळी तिनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि मग सगळा राग नव्या गिरणीच्या दगडावर काढला. "दगड पार निकामी हाय त्यांचा. नुसता पंखा लावून काय करायचाय."

पुढच्या खेपेला मी पुन्हा रेवणप्पांकडे गेले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, पोचा हातानं चाचपला. "गावाला गेलता काय ह्यो?" मी मान खाली घातली. त्यांनी डबा उचलून वकिलीणबाईंच्या डब्यामागे ठेवला.

नव्या गिरणीतल्या वजनकाट्यामुळे मात्र जे व्हायचं ते झालं. तिथल्या वजनाचं ऐकून वकिलीणबाईंनीही घरी आपलं दळण वजन करून पाहिलं असावं. एका दुपारी त्या स्वतः गिरणीत आल्या. त्या वाईट नव्हत्या. मला कॉलेजसाठी त्यांनी जुनी पुस्तकं दिली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "रेवणप्पा, आमचं पीठ दर वेळी कमी भरतं."

रेवणप्पांनी मोटार बंद केली. गिरणी थांबली की तिथं फार शांतता वाटायची. ते म्हणाले, "थोडं दगडात ऱ्हातंय, बाई."

"ते मला माहीत आहे. पण आधीच्याचं दगडात राहिलेलं नंतरच्याला येतं. मग माझ्या आधीच्याचं मला यायला हवं."

"तुमच्या आधी तांबडं असतंय. तुमच्या पिठात ते येऊ नये म्हणून दगड मोकळा फिरवतो, झाडून घेतो."

"मग तसंच माझ्या दळणानंतरही झाडा. माझं मला द्या."

मागणी सरळ होती. रांगेतल्या आम्हा सगळ्यांना ती पटली. रेवणप्पांनी नुसतं हो म्हणायचं होतं. पण ते खांद्यावरचं फडकं हातात घेऊन उभे राहिले. "ते जमायचं न्हाय, बाई."

"का?"

"दगड सारखा मोकळा फिरला की झिजतोय."

"माझ्या आधी फिरतो तेव्हा झिजत नाही?"

रेवणप्पांनी एकदा रांगेतल्या डब्यांकडे पाहिलं. नरसय्याची बायको माझ्या शेजारी उभी होती, ती पदरात तोंड धरून हसली. चोरी पकडली गेली असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. गिरणीवाला पीठ मारतो, हे तर जगभर म्हणतातच. मग वकिलीणबाईंनी मोलकरणीला डबा उचलायला सांगितला. जाताना एवढंच म्हणाल्या, "इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी तुमचं."

"व्हय," रेवणप्पा म्हणाले. "पितळी कडी. लग्न होऊन आलात तवापासनं."

पितळी कडीचा डबा गेला आणि त्याच्यामागे हेडमास्तरांचा गेला, पोस्टातल्या कारकुनाचा गेला. ज्यांच्याकडे पांढरी ज्वारी होती ते सगळे हळूहळू चौकात जाऊ लागले. उरलो आम्ही मिलोवाले, आणि आमचं दळण ते किती. दुपारी गिरणीचा आवाज बंदच असायचा. रेवणप्पा पायरीवर बसून रस्त्यावरून जाणारे डबे पाहत. एकदा पितळी कडी समोरून चौकाकडे गेली. मी पाहत होते. त्यांनी मान वळवून भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे मोलकरणीला ओशाळं वाटू नये.

या वेळी मात्र ते कोणाच्या घरी गेले नाहीत. गिरणी चालू हाय बरं का, असं कोणाला सांगितलं नाही. वडिलांना याचं नवल वाटलं. धंदा बुडायला आला आणि माणूस गप्प बसला, असं ते म्हणाले.

मग रांगेत एक नवा डबा दिसू लागला. कोरा, चकचकीत, फडकं न टाकलेला, झाकण उघडं, आत पांढरीशुभ्र ज्वारी. तो रोज सगळ्यांच्या पुढे. हा कोणाचा, म्हणून चौकशी झाली. रेवणप्पांचा स्वतःचाच होता. गावाकडे भावाच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, त्यांच्या वाट्याची जुनी ज्वारी होती, ती त्यांनी बैलगाडीनं आणवली होती.

गल्लीला करमणूक झाली. एकटा माणूस, त्याला रोज डबाभर पीठ कशाला? उत्तर सगळ्यांना एकच सुचलं. रिकाम्या हॉटेलात मालक आपलीच माणसं बसवतो, तसं हे रांगेत आपलाच डबा ठेवतात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, यांच्याकडे अजून पांढरी ज्वारी येते. नरसय्या तर म्हणाला, "अप्पा, एकानं काय होतंय? चार डबे मांडा की." रेवणप्पा हसले. "मांडू की," म्हणाले.

मीही तेच समजत होते. त्यांची दया येत होती मला.

एक दिवस दुपारी मी कॉलेजातून आले आणि आईनं डबा दिला. गिरणीत पोचले तर वीज गेलेली. रांगेत रेवणप्पांचा कोरा डबा आणि त्यामागे झाकलेले दोन-तीन मिलोचे. मी माझा ठेवला आणि पायरीवर बसले. रेवणप्पा आतल्या उंबऱ्याशी जेवायला बसले होते. "बस पोच्या, येईल लाइट," ते म्हणाले.

त्यांच्या ताटलीत भाकरी होती, पण ती भाकरी म्हणायची की काय, कळेना. नुसते तुकडे आणि चुरा. वर शेंगाची चटणी. ते चिमटीनं चुरा गोळा करून खात होते. आणि तो चुरा तांबडा होता.

मी डब्यातल्या पांढऱ्या ज्वारीकडे पाहिलं. पुन्हा ताटलीकडे पाहिलं. आमच्या घरी आदल्या संध्याकाळीच आईनं अख्ख्या भाकऱ्या थापल्या होत्या आणि हाताच्या वळणाचं कौतुक करून घेतलं होतं. नव्या गिरणीतली भाकरी परातीत फुटलेली आठवली. वकिलीणबाईंच्या मागचा आमचा नंबर आठवला. दगडात राहिलेलं पीठ नंतरच्याला जातं, हे तर बाईंनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलंच होतं. तांबडं झाडून घेतो, हे रेवणप्पांनी सांगितलं होतं. ते झाडलेलं कुठं जातं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मोठ्या माणसाला असं काही विचारायची मला सवय नव्हती. शेवटी त्यांचाच प्रश्न तोंडात आला. "अप्पा, रोज डबाभर दळता. पाव्हणे आलेत का तुमच्याकडं?"

त्यांनी खाणं थांबवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. फडकं टाकलेले ते डबे, वाकड्या कानाचे, गंजक्या बुडाचे, पोचे आलेले.

"व्हय की," ते म्हणाले. "रोज येत्यात."

वीज आली. त्यांनी हात धुतले, मोटार सुरू केली आणि आपली पांढरी ज्वारी वरच्या पत्र्याच्या पेटीत ओतली. खाली पीठ पडू लागलं. त्यांच्या डब्याचा तळ झाकला न झाकला तोच त्यांनी रांग मोडून आमची मिलो वर ओतली आणि आपला डबा बाजूला ओढून रिकामा पोचा डबा त्या जागी सरकवला. कापडी तोंडातून त्यात आधी पांढरं पीठ पडलं. बराच वेळ पांढरंच पडत राहिलं. मग हळूहळू तांबडं आलं.

दळून झाल्यावर रेवणप्पांनी बाही वर सारली. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ते पीठ वरखाली केलं, पांढरं कुठं दिसेनासं होईपर्यंत. मग झाकण लावलं आणि डबा माझ्या डोक्यावर ठेवला.

"आळ्या पडत्यात," ते म्हणाले. "आईला सांग, गिरणी चालू हाय."